गावातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा सर्व्हर

घरातले फोटो, आधारचे स्कॅन, सातबारा, पीककर्जाचे कागद दुसऱ्याच्या क्लाउडवर नको असतील, तर नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. सर्व्हर म्हणजे कायम चालू राहून घरच्या फोनना फाइली देणारं यंत्र. त्याला ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला जुना लॅपटॉप पुरतो. रास्पबेरी पाय या हातभर छोट्या संगणकापेक्षा तो सोयीचा, कारण बॅटरी अंगचीच असते. सरासरी १५ वॉट ओढला तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात. वर डेबियन (फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली) टाका, डेस्कटॉप म्हणजे खिडक्या-चित्रांचा पडदा नको. झाकण लावल्यावर यंत्र झोपी जातं, म्हणून लॉगिनडी या डेबियनमधल्या भागाच्या सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करून ठेवा.

सर्व्हरचं बोलणं हॅकरपासून सुरू होतं. विदर्भातल्या गावात ते लाईन आणि उन्हापासून सुरू करावं लागतं.

रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. त्याला लॅपटॉप घाबरत नाही, त्याचा ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. खरा धोका उलट बाजूचा आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि मग ॲडाप्टर, राउटर, टीव्ही सगळं एकदम जातं. म्हणून स्टॅबिलायझरपेक्षा हाय-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज वाढलं की लाईन तोडणारं यंत्र) आधी बसवा. अर्थिंग नावालाच असेल तर ते करून घ्या. जूनच्या विजांच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की प्लग काढणं हाच उपाय. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडाप्टरमधून येते.

लाईन गेली तरी लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. त्याला मिनी यूपीएस (राउटरपुरता छोटा बॅटरीचा डबा) लावा. आधी राउटरच्या ॲडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते बघा. डब्यावरच्या ‘चार तास’वर विश्वास नको: २००० एमएएचचे तीन सेल म्हणजे २२ वॉट-तास, १० वॉटचा राउटर त्यावर दोन तासच चालेल.

बाहेरची डिस्क २.५ इंची, यूएसबीवरच चालणारी घ्या. ३.५ इंचीला वेगळा ॲडाप्टर लागतो. लाईन जाते तेव्हा लॅपटॉप चालू आणि डिस्क मधेच बंद, अशाने फाइली बिघडतात. डिस्कचा फॉरमॅट ईएक्सटी४ (लिनक्सचा) ठेवा. एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नाही; अचानक बंद पडण्यात तो जास्त मार खातो.

आता ऊन. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छताखाली त्याहून जास्त. जमिनीलगत, सावलीच्या खोलीत, मागून हवा खेळेल असं ठेवा. कूलरच्या झोतात नको, ओल आणि पाण्यातले क्षार आत जातात. कापूस भरलेल्या खोलीत तर मुळीच नको: तंतू पंख्यात अडकून लॅपटॉप तापतो, आणि आगीची भीती वेगळी. कायम १०० टक्के चार्ज आणि वरून ऊन, यात बॅटरी फुगते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ठेवता येत असेल तर ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसला की यंत्र त्याच दिवशी बंद करा. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नका, आणि पुन्हा वापरू नका.

फोटोंसाठी इमिच, म्हणजे गूगल फोटोजसारखा पण घरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. त्याचा डेटाबेस (अल्बम, नावांची नोंद) एसएसडीवर, फोटो बाहेरच्या डिस्कवर. चेहरे ओळखण्याचं काम पहिल्यांदा प्रोसेसर खूप तापवतं. ते हिवाळ्यात उरका. पहिला अपलोड घरच्या वायफायवरूनच करा. बाहेरून १० एमबीपीएसने १०० जीबी चढायला २२ तास लागतात.

शेतातून किंवा नागपूरहून घरचा सर्व्हर उघडायचा असेल, तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे अनेक घरांत एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलेला आहे. पोर्ट फॉरवर्ड (राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी वाट उघडणं) कितीही करा, बाहेरून कोणी पोचत नाही. टेलस्केल लावा, ते तुमच्या उपकरणांना आपसात खासगी जाळ्यात जोडतं. एकही पोर्ट उघडावा लागत नाही, आणि खासगीपणासाठी तेच हवं. त्यांच्या सर्व्हरला तुमच्या उपकरणांची यादी कळते, मजकूर नाही. घरच्यांच्या फोनवर ते आधीच टाकून द्या, नाहीतर शेतात फोटो उघडत नाही म्हणून तुम्हालाच फोन येईल.

जाहिराती अडवायला ॲडगार्ड होम चांगलं, ते घरातल्या सगळ्या फोनचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बनतं; पण ते बंद पडलं की घराचं ‘नेट गेलं’. राउटर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वर स्वतःचा डीएनएस देत असेल तर फोन त्याच वाटेने निसटतात. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवू नका. घरगुती कनेक्शनवरून गेलेली पत्रं स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात.

बॅकअपला सिंकिंग (दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणं) चालत नाही, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने दोन डिस्कवर आळीपाळीने घ्या आणि एक डिस्क दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, पोळ्याला-दिवाळीला अदलाबदल होते. फोटोंबरोबर इमिचचा डेटाबेस डंपही (त्या नोंदींची प्रत) घ्या, नाहीतर अल्बम आणि नावं जातील. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डिस्क असून नसल्यासारखी. तो कागदावर लिहून जमिनीच्या कागदांच्या फाइलीत ठेवा, आणि अदलाबदलीच्या वेळी दहा-बारा फोटो परत काढून खरंच उघडतात का ते बघा.