तळहातावरचा मित्र लांब उभा असलेलाच दिसतोय? ट्रिक फोटोतल्या या चुका टाळा

दुसऱ्यांचे फोटो बघितले की वाटतं काय सोप्पंय, एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने लांब जाऊन उभं राहायचं, क्लिक, झाला तळहातावर उभा मित्र. आणि आपण काढला की त्यात एक माणूस हात पसरून काहीतरी मागतोय आणि मागे कुणीतरी उगाच उभंय. माझे पहिले चाळीसएक फोटो असेच आहेत, अजून डिलीट केले नाहीत, कारण काय काय चुकतं ते सगळं त्यात एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

या सगळ्या खेळात लपवायची गोष्ट एकच असते, ती म्हणजे दोघांमधलं अंतर. समोर प्रत्यक्ष बघताना आपल्याला दोन डोळे असतात, दोन्हींना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्यावरून जवळचं काय आणि लांबचं काय ते मेंदूला लगेच कळतं. कॅमेऱ्याला डोळा एकच. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅडलबर्ट एम्स यांनी ती प्रसिद्ध वाकडी खोली बनवली, जिच्या एका कोपऱ्यात माणूस राक्षसाएवढा आणि दुसऱ्या कोपऱ्यात बुटका दिसतो, ती पण एका छोट्या भोकातून एका डोळ्यानेच बघायची असते. त्यामुळे पहिली चूक इथेच होते, लोक नुसत्या डोळ्यांनी बघून "हां थोडा डावीकडे सरक" अशा सूचना देत बसतात. दोन डोळ्यांना ते कधीच जुळलेलं दिसणार नाही, स्क्रीनवर बघा.

फोकस, म्हणजे सगळ्यात जास्त फोटो इथे मरतात

समजा तळहात कॅमेऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि १६५ सेंटीमीटर उंचीचा मित्र तुम्हाला त्यावर १५ सेंटीमीटरचा बाहुला करून उभा करायचाय. म्हणजे ११ पट लहान, म्हणजेच तो कॅमेऱ्यापासून ११ पट लांब पाहिजे, ६ मीटर ६० सेंटीमीटरवर. हिशेब एवढाच, लेन्स कुठलीही असो. पण आता ६० सेंटीमीटरवरचा हात आणि साडेसहा मीटरवरचा माणूस दोन्ही शार्प पाहिजेत, कारण एक जरी धूसर झाला तरी अंतराचं बिंग फुटलंच. आणि कॅमेरा ऑटोवर असला की तो हातावर किंवा चेहऱ्यावर, जे त्याला आवडेल त्याच्यावर फोकस करून मोकळा होतो.

मोठा कॅमेरा असेल तर ५० एमएमची लेन्स एफ १.८ ला (एफ म्हणजे लेन्समधल्या भोकाचं माप, आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं) ठेवून हे जमणार नाही, कितीही महागाची लेन्स असू द्या. वाइड, म्हणजे कमी एमएमची आणि जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स घ्या आणि अपर्चर, म्हणजे ते भोक, बारीक करा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ एमएम, एफ १६, आणि फोकस साधारण १ मीटर १० सेंटीमीटरवर ठेवला की वरचं उदाहरण जेमतेम बसतं. हो, एक दहा, बरोबर मधोमध म्हणजे ३ मीटर ६० सेंटीमीटरवर नाही. मधोमध फोकस ठेवणं ही फार कॉमन चूक आहे, शार्पनेसचा पट्टा मागच्या बाजूला जास्त आणि पुढच्या बाजूला कमी पसरतो, त्यामुळे फोकस जवळच्या वस्तूकडे झुकता ठेवावा लागतो. एफ २२ पर्यंत मात्र जाऊ नका, भोक एवढं बारीक झालं की प्रकाश कडांना पसरतो आणि पूर्ण फोटोच मऊ होतो.

मोबाइलवाल्यांना अपर्चर बदलायची सोय बहुतेक वेळा नसतेच. मग काय करायचं, तर दोन्ही अंतरं त्याच प्रमाणात वाढवायची. हात १ मीटरवर आणि मित्र ११ मीटरवर, प्रमाण तेच, मित्राचा आकार हाताच्या मानाने तेवढाच, पण फोकसचा त्रास बराच कमी. फोटो नंतर क्रॉप करा. आणि पोर्ट्रेट मोड बंद करा हो, प्लीज! तो मोड बनवलाच आहे मागचं ब्लर करायला, आणि तुम्हाला मागचाच माणूस पुढे आणायचाय. झूमच्या लेन्सवर पण जाऊ नका, मेन कॅमेरा किंवा अल्ट्रावाइड बरा, फक्त अल्ट्रावाइडला माणूस फ्रेमच्या कडेला ठेवला की तो ताणल्यासारखा दिसतो.

माणसं हलवू नका, कॅमेरा हलवा

"अजून मागे, नाही नाही पुढे, थोडा उजवीकडे, तुझा उजवा नाही माझा उजवा", हे अर्धा तास चालतं आणि मित्र वैतागून निघून जातो. खरं म्हणजे वरच्याच मापात कॅमेरा १ सेंटीमीटर बाजूला सरकवला तर तळहात मागच्या मित्राच्या अंगावर साधारण १० सेंटीमीटर सरकलेला दिसतो. म्हणजे मागच्याने एक छोटं पाऊल टाकून जे होणार ते तुमच्या मनगटाच्या जरा हलण्याने होतं. पण याची दुसरी बाजू अशी की हातात मोबाइल धरून शटर दाबताना जो हलका धक्का बसतो तेवढ्यानेच जुळलेलं सगळं बिघडतं, म्हणून ट्रायपॉड नाहीतर निदान भिंत, खुर्ची काहीतरी टेकायला घ्या आणि टायमर लावा किंवा एकदम पाच-सहा फोटो काढा. जुळवताना क्रम असा ठेवा की मागचा माणूस एकदा ठरल्या अंतरावर उभा केला की त्याला विसरा, हात जागेवर, आणि बाकी सगळं कॅमेऱ्याने.

पाय हवेत का दिसतात

दोन माणसं, एक ३ मीटरवर, एक १२ मीटरवर, मागचा चारपट लहान दिसणार, एवढं बरोबर. पण तुम्ही फोटो उभं राहून दीड मीटर उंचीवरून काढला तर मागच्याचे पाय पुढच्याच्या जवळपास कमरेच्या उंचीला येतात, जमिनीपासून १ मीटर १२ सेंटीमीटर वर. बुटका दिसायच्या ऐवजी तो लांबचा माणूसच दिसतो कारण मधली सगळी जमीन फ्रेममध्ये दिसतेय ना. हाच कॅमेरा जमिनीपासून १० सेंटीमीटरवर आणला की तेच पाय साडेसात सेंटीमीटरवर येतात, घोट्याशी. म्हणून लोळा, कपडे मळतील, इलाज नाही. मोबाइल असेल तर तो उलटा धरा म्हणजे लेन्सची बाजू खाली येते आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकतो, ही ट्रिक मला खूप उशिरा कळली.

मधे फरश्या, रेलिंग, गाड्या, रस्त्यावरचे पट्टे असलं काही असेल तर खेळ खल्लास, कारण फरश्या लहान लहान होत गेलेल्या दिसल्या की डोळा अंतर मोजून टाकतो. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीला लोक असले फोटो काढायला मुद्दाम जातात ते यामुळेच, १० हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं पांढरंशुभ्र सपाट मिठाचं मैदान, लांबवर मापाला धरायला काहीच नाही. आपल्याला मोकळं मैदान, वाळू किंवा नुसतं आभाळ चालतं.

उजेड

एक सावलीत आणि दुसरा उन्हात असेल तर बाकी सगळं परफेक्ट असूनही फोटो चिकटवल्यासारखा दिसतो. दोघं एकाच उजेडात पाहिजेत, ढगाळ दिवस असेल तर उत्तमच, सावल्यांची कटकट मिटते. फ्लॅश तर अजिबात नको. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे ११ पट लांबच्या मित्रापर्यंत हातावर पडलेल्या उजेडाचा १२१ वा भाग पोचणार, हात पांढरा फटक आणि मित्र अंधारात. धुक्याच्या किंवा धुळीच्या दिवशी लांबचं फिकट दिसतं, तेव्हा मागे डोंगर किंवा इमारत घेऊन करायचे फोटो दुसऱ्या दिवशी काढा.

हवेत तरंगण्याच्या फोटोत सावलीची वेगळीच गंमत होते. स्टूलवर आडवं झोपून एक फोटो, मग स्टूल काढून रिकाम्या जागेचा दुसरा, आणि मग दोन्ही जोडून स्टूल पुसायचं, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण स्टूल पुसलं आणि त्याची सावली तशीच राहिली, असे फोटो मी इतके बघितलेत! शिवाय दोन फोटोंच्या मधे कॅमेऱ्याने एक्स्पोजर (फोटोतला उजेड) किंवा व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) स्वतःच बदललं तर जोडाची कड दिसते, ते आधीच लॉक करून ठेवा. आणि केस व ओढणी खाली लोंबू द्या, पोट मात्र स्टूलवर दाबलेलं दिसलं की कळतंच.

शेवटी नजर, याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पुढचा माणूस हातावरच्या "बाहुल्याकडे" बघायचं सोडून मागे लांब उभ्या असलेल्या खऱ्या मित्राकडे बघतो, आणि बुबुळं कुठे वळलीत ते आपल्याला फोटोत फार पटकन समजतं. त्याला सांगा की तुझ्या तळहाताच्या वर वीतभर रिकाम्या हवेत बघ, तिथे काही नाहीये हे माहीत असून बघ. मागच्याने पण तसंच, पुढच्याच्या चेहऱ्याकडे नाही तर वर आभाळात कुठेतरी बघायचं. आमच्यात एकाला हे कधीच जमलं नाही, तो दरवेळी हसतो, म्हणून त्याला पाठमोरा उभा करतो.