बेशरमाच्या झुडपातली मरळ: रबरी बेडकानं गळ कसा लावायचा

मरळ भर पाण्यात शोधू नका. मराठवाड्यातलं कुठलंही धरण घ्या, नाथसागर असो, माजलगाव, मांजरा की येलदरी, फुगवट्याच्या कडेला जिथं बेशरमाची झुडपं, पाणकणीस किंवा बुडालेल्या बाभळी आहेत आणि पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आहे, तिथं ती दबा धरून असते. हा मासा हवेतला श्वास घेतो, त्यामुळं अधूनमधून वर यावंच लागतं. फेब्रुवारी ते मे, सकाळी वारा पडलेला असताना काठावर दहा मिनिटं गप्प उभं राहा. 'गुळुक' आवाज आणि मागं उरलेले बुडबुडे दिसले की जागा सापडली.

तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, त्यांची परवानगी घ्या. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं आधी वनविभागाला विचारा.

साडेसहा-सात फुटांचा ताठ रॉड, त्यावर रील, ४० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी आणि पाच-सहा सेंटीमीटरचा पोकळ रबरी बेडूक एवढं पुरतं. हे बेडूक मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी घडले, पण मरळही तशीच पाण्याच्या वरच्या थरावर येऊन घास घेते. जिवंत बेडूक लावू नका; मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

विणलेली दोरी साध्या गाठीत सरकते, म्हणून पालोमार गाठ मारा: दोरी दुहेरी करून बेडकाच्या तोंडाशी असलेल्या कडीतून ओवा, साधी गाठ घाला, फास बेडकावरून पलीकडं काढा, थुंकी लावून आवळा. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सुटू देणारा ब्रेक, जवळपास पूर्ण कसा. सैल ठेवला तर मरळ मुळांत घुसते आणि दोरी तिथंच गुंतते. बेडकाचे दोन्ही गळ अंगाला फार चिकटून असतील तर पकडीनं टोकं दोन मिलिमीटर बाहेर वाकवा.

बेडूक बुडबुड्यांच्या पाच-सहा फूट पलीकडं टाका. थेट डोक्यावर पडला तर मासा बुजतो. लाटा विरू द्या, मग रॉडच्या टोकाला हलके झटके देत ओढा आणि गवतातल्या प्रत्येक मोकळ्या जागेच्या तोंडाशी थांबा. घास बहुतेक वेळा त्या थांब्यावरच येतो. बेडूक बुडायला लागला तर आत पाणी शिरलंय, दाबून काढा.

बहुतेक मरळी घास घेतल्यावर पहिल्या दोन सेकंदांत निसटतात. पाणी फुटल्याबरोबर हात झटकला की बेडूक तोंडातून उडून येतो, कारण तिनं तो नुसता ओठात धरलेला असतो. रॉड खाली झुकवा, 'एक, दोन' म्हणा, ढील गुंडाळा आणि दोरीला वजन लागलं की जोरात वर खेचा. घास चुकला तर बेडूक तिथंच स्थिर ठेवा, ती पुन्हा येते.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका फिरताना दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला तर ती हमखास धावतात, पण ती जोडी उचलली की पिलं इतर माशांच्या पोटात जातात. ती जागा सोडा. फूटभराच्या आतली मरळही परत सोडा. हात आधी ओले करा, गळ पकडीनंच काढा, तिला दात आहेत.

उन्हाळ्यात पाणी हटलेल्या गाळावर वरून भेगा दिसतात, खाली मात्र लगदा असतो. काठीनं टोचून पाहत चाला. काठी हातभर रुतली तर तिथूनच मागं फिरा.