परदेशी शिकवायला जाताय? घरी आणि गावात असं सांगा

आधी घरी सांगा, मग गावात. आपल्या पोरीची बातमी भाऊबंदांच्या तोंडून कळली की आईवडिलांना फार लागतं. इंग्लंडला भौतिकशास्त्र शिकवायला जायचं ठरलं, तेव्हा मी व्हिसाचा अर्ज भरण्याआधी आप्पा आणि मायजवळ बसले, कागद पुढे ठेवूनच.

कागद हवेतच. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांना शिक्षणशास्त्राची पदवी आणि अनुभव यांच्या जोरावर इंग्लंडमधल्या शिक्षक-मान्यतेसाठी थेट अर्ज करता येतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावर, फी नाही. आप्पांना एकच धास्ती होती, कुणी एजंट पोरीला भलत्याच कामाला लावेल. तो अर्ज त्यांनी स्वतः पाहिला आणि घोर गेला.

पगार विचारतीलच. आकडा लपवाल तर लोक मनाने तिप्पट धरतात, आणि हातउसने मागायला आलेल्याला तुमचं 'नाही' खोटं वाटतं. खर्चासकट सांगा. २०२४-२५ मध्ये लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,६५० पौंड होता. कर, विमा, पेन्शन कापून महिन्याला दोन हजारांच्या आसपास हातात. घरभाडं त्यातूनच. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो वर्षाला १,०३५ पौंड.

इथलं कारणही स्पष्ट बोला. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होते; सुट्टी लागली की पैसे बंद. शिक्षणसेवक झाले असते तरी तीन वर्षं मानधनावर काढावी लागली असती. माध्यमिकचं ते मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० झालं. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हा हिशोब लगेच कळतो. पण आपल्या शाळेला, पोरांना नावं ठेवू नका. आपण तिथूनच शिकून आलो.

सगळ्यात अवघड प्रश्न जुने गुरुजी विचारतात: "मग आपल्या पोरांना कोण शिकवेल?" आमच्या खानदेशातल्या अमळनेरात तो जास्तच टोचतो. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी इथे शिकवत होते, हे इथलं लहान पोरही जाणतं. या प्रश्नाला फाटे फोडू नका, तो रास्त आहे. मी तसं कबूल करते आणि काय करते ते सांगते: दर रविवारी बारावीच्या पोरांचा ऑनलाइन तास. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणून माझ्या सकाळी साडेआठला गावात दुपारचा एक. तेवढ्याने भरपाई होत नाही, तरी तास चुकवत नाही.

म्हाताऱ्या माणसांशी अहिराणीतच, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीतच बोला. "कसाले गयी इतली दूर?" असं आजीने विचारलं तर, "मी तठे बी मास्तरीनच शे" (मी तिथेही मास्तरीणच आहे), एवढं पुरतं. मग जेवणखाणाची चौकशी सुरू होते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तिकडे मिळत नाही हे खरं सांगा; आजी पीठ बांधून देते.

येणार कधी, याची तारीख मात्र हवीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येता येणार नाही, हे मायला आधीच सांगा. ऐन वेळी सांगितलं तर ती मनाला लावून घेते. तिकडची उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. श्रावणातला कानबाई देवीचा सण त्यात सापडतो. तिच्या रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी जमते, तेव्हा उरलेल्यांना तिथेच सांगून टाका. तिकीट मात्र मार्चमध्येच काढा, पुढे महागतं.