सोयाबीन: पंप भरण्याआधी पांढरी अळी शोधा

सध्या ढगाळ हवा आहे, झिमझिम सुरू आहे आणि सकाळी नऊपर्यंत पानांवरचे दव हटत नाही. सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणारी अळी आणि उंटअळी वाढण्याचे हेच दिवस. पण अळ्या आजारी पडण्याचेही हेच.

किडीलाही रोग होतो. तुतीवाल्यांना विचारा, मस्कार्डिन हा बुरशीचा रोग शिरला की रेशीम अळ्यांची आख्खी बॅच हातची जाते. सोयाबीनवरच्या अळ्यांना अशाच एका बुरशीची, नोमुरियाची लागण होते. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजून आत शिरतात. अळी आठवडाभरात मरते, पानालाच चिकटून कडक, खडूसारखी पांढरी होते. पुढे तिच्यावर फिकट हिरवी भुकटी येते. ती भुकटी म्हणजे पुढच्या अळ्यांचा रोग, फुकटचा.

आणि आपण नेमके इथेच चुकतो. दुकानातून कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक असा संच येतो आणि तिन्ही एकाच पंपात जातात. बुरशीनाशकाने ही उपयोगाची बुरशीच मारली जाते. पांढऱ्या अळ्यांनी भरलेली शेते अशी धुऊन निघालेली आणि पंधरवड्यात पुन्हा चाळण झालेली मी पाहिली आहेत. तांबेरा किंवा करपा खरोखर दिसत असेल तरच बुरशीनाशक घ्या, 'असू द्या सोबत' म्हणून नको.

आज पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ हलवून अळ्या मोजा. मीटरला ३-४ लहान अळ्यांच्या वर गेल्या तर उपाय करावा, ही शिफारस. माझा अनुभव असा: दहात तीन-चार पांढऱ्या किंवा सुस्त दिसल्या, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजावे. बांधालगतच्या दाट, सावलीच्या ओळी आधी पाहा, मला पहिली पांढरी अळी बहुधा तिथेच सापडते. फुले-शेंगा खाल्ल्या जात असतील आणि सगळ्या अळ्या तरतरीत असतील, तर मात्र थांबू नका. शिफारशीतले एकच कीटकनाशक, एकटेच फवारा.

बाकी कामे:
- जाळीदार पाने अळ्यांसकट तोडून नष्ट करा
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), हेक्टरी ५
- पक्षीथांबे, म्हणजे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या
- सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क
- नोमुरिया रिलाई (हीच बुरशी, पाकिटात मिळणारी) ४० ग्रॅम, १० लिटर पाण्यात, संध्याकाळी, ओल असताना. पाकिटावरची तारीख पाहून. शेजारी तुती असेल तर नको

पांढऱ्या अळ्या वेचून फेकू नका. जिथे आहेत तिथेच राहू द्या.