इन्स्पेक्शनला अख्खा वाडा न्यायचा नसतो

सांगली-साताऱ्याकडून न्यू जर्सीत येऊन तीन-चार वर्षं झालेली, भाडं भरून वैतागलेली आणि आता घर घ्यायचं म्हणणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मिरजेची. इथे रिअल इस्टेट एजंट म्हणून काम करते. क्रेडिट स्कोअर, प्रीअप्रूव्हल, डाउन पेमेंट हे तुमच्या ऑफिसातला कुणीही जेवणाच्या सुट्टीत सांगेल. मला बोलायचंय ते होम इन्स्पेक्शनला, म्हणजे घेण्याआधीच्या घर-तपासणीला, कोण कोण येतं त्याबद्दल.

ऑफर मान्य झाली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या की इथे तीन कामकाजी दिवसांचा अटर्नी रिव्ह्यू असतो, म्हणजे वकील करार तपासतात. तो आटोपला की इन्स्पेक्शनसाठी करारात लिहिलेले दिवस सुरू होतात, बहुतेक करारांत १० ते १४. त्यातल्या एका सकाळी लायसन्सवाला इन्स्पेक्टर येतो आणि दोन ते चार तास छपरापासून बेसमेंटपर्यंत घर तपासतो. त्याचे पैसे तुम्ही देता. म्हणजे त्या तासांत त्याचं लक्ष तुमच्या मालकीचं असतं.

आणि आपण काय करतो? सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, फिलाडेल्फियाचा मेव्हणा, त्याची बायको, दोन्हीकडची पोरं, शिवाय 'मी पाच घरं बघितलीत' म्हणणारा एक मित्र. डब्यात पुऱ्या. घर अजून दुसऱ्याचं आहे आणि आपण बेडरूम वाटून घेतोय, देवघर कुठल्या भिंतीला यावर वाद घालतोय, पडद्यांची मापं काढतोय. तिकडे इन्स्पेक्टर इलेक्ट्रिक पॅनल उघडून उभा, आणि त्याच्या कोपराखालून कुणाचा तरी चार वर्षांचा मुलगा डोकावतोय.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत नवरा-बायको दोघंच. दोघंही. 'ती घरी थांबेल, मुलं आहेत' हे मला पटत नाही; मुलांना मैत्रिणीकडे ठेवा. बॉयलर कुठे बंद करायचा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व कुठला, हे जानेवारीत पाइप फुटेल तेव्हा घरात जो असेल त्याला माहीत हवं. बाकी मंडळींना शेवटच्या अर्ध्या तासाला बोलवा. तेव्हा इन्स्पेक्टर फिरून काय काय सापडलं ते सांगतो.

जाता जाता, काही एजंट खरेदीदारालाच म्हणतात, 'तुम्ही कशाला येता, रिपोर्ट ईमेलवर येईल.' अशा एजंटपासून जपून राहा. आम्हाला पैसे व्यवहार पूर्ण झाला तरच मिळतात, हे विसरू नका. माझ्याही बाबतीत विसरू नका.

गर्दी नको म्हणते ती शिस्तीसाठी नाही. बेसमेंटमध्ये रेडॉन (जमिनीतून येणारा, फुप्फुसांना घातक वायू) मोजायचं यंत्र किमान ४८ तास ठेवलेलं असतं, त्या काळात आणि त्याआधी १२ तास खिडक्या बंद ठेवायच्या असतात. आपल्या मावशींना कोंदट वाटतं, त्या सगळीकडच्या खिडक्या उघडतात. आकडा कमी येतो आणि सगळे खूश. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करा असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. खिडकी उघडी राहिली तर खरा आकडा तुम्हाला कळतच नाही. ॲटिकचंही, म्हणजे छपराखालच्या माळ्याचंही, तसंच. तिथे जमीन नसते, लाकडी वाशांमध्ये नुसतं इन्सुलेशन असतं. हौसेने वर गेलेल्या दाजींचा पाय खालच्या खोलीच्या छतातून आला, तर भरपाई तुम्हीच द्यायची.

मग बाबांना आणायचंच नाही का? आणा, पण कामाला लावा. भिंतीवर टिचकी मारून 'आरं, ही भिंत हाय का पुठ्ठा?' हे प्रत्येक बाबा म्हणतात. इथली घरं लाकडी सांगाड्याची, वर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे बोर्ड. जवळपास सगळीच तशी, त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. पण कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची जी नजर असते ती इथल्या पोरांना नाही. २००५, २०१९, २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत, आयर्विन पुलाची पातळी विचारत रात्री काढल्यात, त्यांना बेसमेंटमध्ये उभं करा. फक्त खालच्या तीन फुटांना नवा रंग का दिलाय? फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) पायांना गंज का? हे प्रश्न माझ्याआधी एका वाळव्याच्या आजोबांनी विचारले होते. २०२१ च्याच सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने रॅरिटन नदीकाठी मॅनव्हिलमध्ये घरंच्या घरं बुडाली, तेव्हा हे नुसतं कौतुकाचं नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्याही आपल्या ज्येष्ठांना लांबून दिसतात.

आता महागात पडलेली गोष्ट. ही नीट वाचा.

इथली जुनी घरं पूर्वी तेलावर गरम व्हायची. तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला आणि टाकी जमिनीतच राहिली. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ही तपासत नाहीत. त्यासाठी टँक स्वीप वेगळा सांगावा लागतो, माणूस यंत्र घेऊन अंगण फिरतो, खर्च काही शे डॉलर. तासगावकडच्या एका जोडप्याने तो ठरवला होता. इन्स्पेक्शनला मामा आले, आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतलेले. त्यांनी इन्स्पेक्टरला भिंतींवरून दोन तास अडवलं, मग म्हणाले, 'पाया पक्का आहे, आता अंगणात पैसे कशाला घालता?' मामांचा शब्द कोण मोडणार! स्वीप रद्द. काही वर्षांनी तेच जोडपं घर विकायला माझ्याकडे आलं, समोरच्या खरेदीदाराने स्वीप केला, टाकी सापडली. गळलेली. माती काढण्याचं बिल हजारो डॉलर्समध्ये, घराचा विमा हात वर करून मोकळा. आणि इथे टाकी कुणी पुरली हे कुणी विचारत नाही, आज मालक कोण ते विचारतात.

जुनं घर असेल तर टँक स्वीप करा. पूर्वीपासून गॅस आहे असं मालक म्हणाला तरी करा. मामा नको म्हणाले तरी करा.

वास्तूचं काय, हा प्रश्न येतोच. होकायंत्र पहिल्यांदा घर बघायला जाल तेव्हा काढा, फार तर अटर्नी रिव्ह्यू संपायच्या आत मन बदला. तोवर वकिलामार्फत करार मोडता येतो. इन्स्पेक्शनचं कलम घरातल्या दोषांसाठी असतं. दक्षिणेचं दार हा दोष म्हणून मालकाच्या वकिलाला पाठवलेलं पत्र मी पाहिलंय, तेव्हा त्याबद्दल अधिक बोलत नाही.

घरात मोठ्याने बोलू नका, मराठीतही. कॅमेरे असतात. 'अजून वीस हजार वाढवले असते' हे वाक्य ऐकून मालक मराठी माणूस शोधेल, आणि भारतीय वस्तीच्या एडिसनमध्ये तो लगेच सापडतो.

'इथे आपले लोक किती आहेत?' हे मला सगळ्यांसमोर विचारू नका, एकटीला गाठूनही नका. वंश, धर्म बघून घराबाबत भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे मी त्याचं उत्तर देत नाही. संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारा, स्वतःच बघा.

इन्स्पेक्टर 'घ्या' किंवा 'घेऊ नका' म्हणत नाही. 'वयाच्या मानाने ठीक' म्हणाला की पुढे विचारा, अजून किती वर्षं चालेल? छपराचे शिंगल्स साधारण वीस-पंचवीस वर्षांचे, वॉटर हीटर दहाच्या आसपास. रिपोर्ट फोटोंसकट येतो. तो सांगलीला पाठवा, रात्री सगळ्यांना मिळून वाचू दे, शंका लिहून मागवा. मग मालकाला यादी पाठवताना त्यातली मोठी चार कामं ठेवा: छप्पर, वीज, पाणी, पाया. सैल कडी आणि गेलेला बल्ब काढून टाका. आपली माणसं चाळीस कलमी यादी पाठवतात आणि मालक चिडून छपरालाही नाही म्हणतो.

पुऱ्या क्लोजिंगनंतर, म्हणजे घर नावावर झाल्यावर. नारळही तेव्हाच, किल्ली हातात येण्याआधी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर फोडायचा नाही.