चाक आणि भट्टी नसतानाही मातीकामाची कार्यशाळा

वस्तीतल्या मुलांसाठी मातीकामाची कार्यशाळा घ्यायची म्हटलं की आधी चाकाची चौकशी सुरू होते. पहिल्या वर्गांना चाक नकोच. एका चाकावर एकच मूल बसतं, बाकीची ताटकळतात. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात मुठीत मावेल एवढा मळलेला गोळा द्या. अंगठा मधोमध दाबायचा, तळाला साधारण बोटाच्या जाडीची माती ठेवायची आणि गोळा फिरवत चिमटीने भिंत वर काढायची. कडेला बारीक चिरा दिसल्या की मुलं भसाभस पाणी लावतात, तिथेच थांबवा. ओलं बोट फिरवलं तरी पुरतं, जास्त पाण्याने भांडं बसतं.

भांड्याला प्राण्याचा कान किंवा शेपूट जोडताना ते नुसतं चिकटवलं तर वाळताना गळून पडतं. दोन्ही बाजू काट्याने खरवडायच्या, मध्ये मातीची दाट रबडी लावायची आणि दाबून सांधा बोटाने पुसून टाकायचा. हे सगळ्यांसमोर एकदा सावकाश करून दाखवा.

भांडी सावलीत, वरून प्लॅस्टिक सैल टाकून वाळवा. उन्हात ठेवली तर कड आधी आकसते आणि तडकते. न भाजलेल्या भांड्यात पाणी टिकत नाही, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर घरी हिरमोड ठरलेला.

उरलेली माती बादलीत भिजवून पुन्हा वापरता येते. फरशी मात्र झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडताना उडणारी मातीची धूळ फुप्फुसांना वाईट.