हॉस्पिटलात स्वयंसेवक व्हायचंय, पण टीबीची टेस्ट करू का?

एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, अमेरिकेत आलेल्या, भारतात फिजिओथेरपी, डेंटल किंवा फार्मसी शिकलेल्या मुली मला हा प्रश्न हमखास विचारतात. इथला परवाना मिळेपर्यंत बराच काळ जातो आणि घरात बसून जीव कोंडतो, म्हणून जवळच्या हॉस्पिटलात विनामोबदला काम करायचं ठरतं. फॉर्म भरून होतो, मुलाखत होते, मग कागद येतो: गोवर आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का, फ्लूची लस घेतली का, आणि टीबीची टेस्ट. बाकी सगळं पटापट होतं, टीबीपाशी मात्र हात थबकतो. पॉझिटिव्ह आली तर?

माझं मत आधीच सांगते. टेस्ट करा. मात्र कुठली करायची, हे तिथल्या काउंटरवर ठरू देऊ नका.

दोन प्रकार आहेत. एक मॉन्टू, म्हणजे हाताच्या कातडीत ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंच्या प्रथिनांचा अर्क) टोचून ४८ ते ७२ तासांनी पुन्हा जाऊन दाखवायची. तिथे लाली मोजत नाहीत, कातडीखाली हाताला लागणारा टणकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. (ही करावीच लागली, तर गुरुवारी टोचून घेऊ नका. वाचायचा दिवस शनिवार-रविवारी येतो.) आपल्याला जन्मल्याबरोबर बीसीजी टोचलेली असते. त्या लशीतल्या जंतूची काही प्रथिनं ट्युबरक्युलिनमध्येही असतात, त्यामुळे टीबीचा संसर्ग नसतानाही हात सुजू शकतो. शिवाय नव्या स्वयंसेवकाला कधी कधी एक ते तीन आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा करायला लावतात.

दुसरी रक्ताची. क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉट ही तिची नावं. ती ज्या प्रथिनांवर चालते ती बीसीजीच्या जंतूत नाहीतच, त्यामुळे लशीचा गोंधळ होत नाही आणि एकाच फेरीत काम होतं. बीसीजी घेतलेल्यांसाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचीही पसंती हिलाच आहे. म्हणून हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल हेल्थला, म्हणजे तिथे काम करणाऱ्यांच्या तपासण्या बघणाऱ्या विभागाला, सरळ सांगा, "मला लहानपणी बीसीजी दिली आहे, रक्ताची टेस्ट हवी." खर्च कोण करणार, हेही तेव्हाच विचारून घ्या. बरीच हॉस्पिटलं स्वतः करतात. गोवराची लस नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, कारण तिच्यानंतर साधारण चार आठवडे टेस्टचा निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. एक तर दोन्ही एकाच दिवशी उरका, नाहीतर थांबा.

आता खऱ्या भीतीकडे येते. आपल्याकडे टीबी म्हटलं की ताट वेगळं, पेला वेगळा, आणि लग्नाच्या बाजारात कायमचं कुजबुजणं. मी हे आजोळी पाहिलं आहे, त्यामुळे कुणाला भीती वाटली तर ती खोटी म्हणणार नाही. पण रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे टीबी झाला असं नाही. जंतू कधीतरी शरीरात शिरले आणि शरीराने त्यांना कोंडून ठेवलं, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. याला सुप्त संसर्ग म्हणतात. त्यात खोकला नसतो, ताप नसतो, आणि तो कुणाला लागत नाही. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. लोकलने, एसटीने वाढलेल्या माणसाला यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

व्हिसाचीही काळजी असते. सुप्त संसर्गामुळे ग्रीन कार्ड नाकारत नाहीत, प्रश्न सक्रिय टीबीचा असतो. आणि ग्रीन कार्डाचा अर्ज इथूनच करणार असाल, तर २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्या मेडिकलमध्ये रक्ताचीच टेस्ट आहे. आज टाळली तरी ती तिथे उभी राहणारच.

माझी पॉझिटिव्ह आली. छातीचा एक्स-रे झाला, डॉक्टरांनी वजन, खोकला, रात्रीचा घाम विचारला. एक्स-रे स्वच्छ होता, त्यामुळे मला कामाला परवानगी मिळाली. औषध घ्यायची सक्ती नव्हती. पण औषध न घेतल्यास अशा दर शंभरांतल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो, आणि मला नवजात बाळांच्या आणि केमोथेरपीच्या वॉर्डांजवळ वावरायचं होतं. मी चार महिने रोज रिफॅम्पिन घेतलं. लघवी केशरी होते, घाबरू नका. कॉन्टॅक्ट लेन्सला डाग पडतात, चष्मा वापरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, म्हणून डॉक्टरांशी ते संकोच न करता बोला. आठवड्यातून एकदा, असं १२ आठवडे घ्यायचं दुसरं औषधही असतं. कुठलंही घेताना यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दारू नको, आणि आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगायच्या. गरोदर असाल तर टेस्टला हरकत नसते, औषधाचं डॉक्टर ठरवतात.

टेस्ट नकोच असेल तर तोही तुमचा हक्क आहे. मग फूड बँक, वाचनालय, मराठी शाळेतला वर्ग अशी कामं आहेत, आणि तिथेही माणसं जोडली जातात. पण दोन-तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं यातलं काही असेल, तर स्वयंसेवेचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

निकाल पॉझिटिव्ह आला तर रिपोर्ट, एक्स-रे आणि औषध पूर्ण केल्याचं पत्र जपून ठेवा. औषधानंतरही टेस्ट पॉझिटिव्हच राहू शकते, म्हणून ती पुन्हा करायची नसते. पुढच्या हॉस्पिटलात किंवा कॉलेजात हे कागद दाखवले की बहुधा लक्षणांची प्रश्नावली भरून भागतं.